चेहरा आपला, रंगही आपलाच

शव्वालचा चांद दिसला की आमच्या भागात लग्नांची धांदल सुरू होते. शाबानमध्ये जी लग्नं उरकली नाहीत, ती सगळी ईदनंतरच्या तारखांवर येऊन पडतात. धाराशिव, नळदुर्ग, उमरगा, परंडा, कुठेही जा. एका दिवशी दोन-दोन निकाहांची आमंत्रणं असतात. घरातल्या बायका दुल्हनच्या सामानाची यादी करायला बसतात. जोडे, चपला, बांगड्या, अत्तर असं सगळं तपशिलानं लिहिलं जातं आणि शेवटी एक ओळ येते, ‘मेकअपचं सामान’. ते सामान कोणतं, कोणत्या कातडीला, कोणत्या रंगाला, हे मात्र कुणी लिहीत नाही. कपडे घ्यायला सोलापूरला किंवा हैदराबादच्या लाड बाजारात गेलं की तिथंच कुठली तरी पेटी उचलली जाते.

गेल्या वर्षीपर्यंत आम्हीही असंच करत होतो. मग आमच्याच घरातल्या एका लग्नात जे घडलं, त्यामुळे या विषयावर लिहायचं ठरवलं.

आमच्या नणंदेचं घर नळदुर्गजवळच्या एका गावात आहे. तिच्या मोठ्या मुलीचा निकाह ठरला होता. मदतीला म्हणून आम्ही आठ दिवस आधीच जाऊन राहिलो. घरात शिरलो तर मुलगी दुपट्ट्यानं अर्धा चेहरा झाकून बसलेली. दुपट्टा बाजूला केला तेव्हा आमच्या पोटात धस्स झालं. दोन्ही गाल लालभडक, त्यावर बारीक पुटकुळ्या, आणि साधं पाणी लागलं तरी आग होत होती.

नणंद म्हणाली, “उन्हानं झालंय भाभी, दोन दिवसांत जाईल.”

रात्री सगळे झोपल्यावर मुलगी आमच्याजवळ येऊन बसली आणि खरं काय ते सांगू लागली. “मुमानी, एक डबी होती.” मुलाकडची मंडळी बघायला आली, तेव्हा त्यांच्यातली एक बाई म्हणून गेली होती, ‘मुलगी चांगली आहे, रंग तेवढा दबलेला आहे.’ ते मनाला लागलं. एका पार्लरमधून तिनं पांढरी डबी आणली. डबीवर ना नाव, ना तारीख, ना कंपनी. रोज रात्री लावायला सांगितलं होतं. दोन आठवड्यांत चेहरा खरंच उजळला. मैत्रिणींनी कौतुक केलं, नणंदही खूश झाली. दोन महिन्यांनी डबी संपली, दुसरी मिळाली नाही, आणि दहाव्या दिवशी चेहऱ्याची ही अवस्था झाली.

दुसऱ्या दिवशी तिला सोलापूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. रिकामी डबी आम्ही सोबत घेतली होती. डॉक्टरांनी चेहरा पाहिला, डबी उलटसुलट केली आणि सांगितलं की हे स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाचं काम दिसतंय. असं मलम रोज लावलं की सुरुवातीला डाग फिके होतात आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. पण आतून कातडी पातळ होत जाते, बारीक शिरा दिसू लागतात, मुरुम येतात, काही जणींना चेहऱ्यावर लव वाढते. मलम बंद केलं की आग आणि लाली उसळते. मग बाई घाबरून पुन्हा तेच मलम लावते आणि त्या चक्रात अडकते. लग्नापर्यंत मेकअप नाही, उबटन नाही, वाफ नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

निकाहच्या दिवशी आमच्या दुल्हननं चेहऱ्यावर डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि साधं मॉइश्चरायझर, ओठांवर हलकी लिपस्टिक आणि डोळ्यांत काजळ, एवढंच लावलं होतं. गालांवरची लाली फोटोत दिसत होती. निकाह झाला, जेवणं झाली. रुखसतीच्या आधी मुलाची आई आम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “आपा, ती डबी कसली होती म्हणे? आमच्या धाकटीच्या कपाटातही तसलीच एक आहे.”

त्या एका वाक्यानं आम्हाला कळलं की ही एका घरातली गोष्ट नाही.

डबीत काय असू शकतं

स्टेरॉइडपेक्षाही घातक वस्तू अशा डब्यांत सापडली आहे. ती म्हणजे पारा. पारा कातडीचा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा लवकर उजळ दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांवर घाव घालतो.

आपल्याच महाराष्ट्रातलं अकोल्याचं उदाहरण २०२३ साली वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलं. एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं ब्युटिशियनकडून गोरेपणाची क्रीम घेतली. तिचा रंग उजळलेला पाहून आई आणि बहीणही तीच क्रीम लावू लागल्या. २०२२ मध्ये तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. एकाच घरात तिघींना एकच आजार कसा, याचा शोध मुंबईच्या केईएम रुग्णालयात लागला. क्रीम तपासली तेव्हा तिच्यात पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही हेच आढळलं. २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण त्यांनी पाहिले. त्यातल्या १५ जणांमध्ये त्या आजाराचा क्वचित दिसणारा प्रकार निघाला, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. चुकून राहिलाच तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मर्यादा आहे. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारनं २०१८ मध्ये केला. नियम आहेत, पण विना-लेबलच्या डबीला नियम कोण लावणार? ती डबी आपणच घरात येऊ द्यायची नाही.

आधी कातडी ओळखा

मेकअप कोणता घ्यावा हे दुकानदाराला विचारण्याआधी आपल्या चेहऱ्याला विचारा. पद्धत अगदी सोपी आहे. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, मऊ कापडानं टिपून घ्या आणि तासभर काहीच लावू नका. मग आरशात पाहा आणि पातळ टिश्यू कागद कपाळ, नाक, गाल आणि हनुवटीवर दाबा.

सगळीकडे तेलाचा डाग आला तर कातडी तेलकट. कागद कोरडाच राहिला आणि गाल ओढल्यासारखे वाटले तर कोरडी. कपाळ, नाक, हनुवटीवर तेल आणि गाल कोरडे असले तर मिश्र. बऱ्याच जणींची अशीच असते. आणि नवीन काहीही लावलं की खाज, आग किंवा लाली येत असेल तर कातडी नाजूक. ती तेलकटही असू शकते, कोरडीही.

ही परीक्षा वर्षातून दोनदा करा. आपल्या जिल्ह्यात उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि हिवाळ्यातली हवा रुक्ष असते. मे महिन्यात तेलकट वाटणारा चेहरा डिसेंबरात तडकतो. त्यात बऱ्याच गावांत बोअरचं जड पाणी. साबण नीट निघत नाही आणि चेहरा आणखी ओढतो. चेहऱ्याला फेसवॉश सकाळी आणि रात्री, दोनदाच पुरे. वुजूच्या वेळी नुसतं पाणी असतंच. त्यानंतर चेहरा घासू नका, टिपा, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

तेलकट चेहरा

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर लागत नाही, ही चुकीची समजूत आहे. जेलसारखं, पाण्याचा अंश जास्त असलेलं घ्या. बाटलीवर ‘ऑइल फ्री’ आणि ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हे शब्द शोधा. दुसऱ्याचा अर्थ, रंध्रं बुजवून मुरुम न आणणारं. फाउंडेशन ‘मॅट’ घ्या आणि वाटाण्याएवढंच वापरा. पावडर पूर्ण चेहऱ्यावर थापू नका. कपाळ, नाक आणि हनुवटीवर दाबून लावा. दोन तासांनी तेल सुटलं तर वर आणखी पावडर न लावता आधी टिश्यूनं तेल टिपून घ्या. पावडरीचे थर चढले की चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसतो.

कोरडा चेहरा

इथं सगळी मेहनत मेकअपच्या आधीची आहे. घट्टसर मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा. मग क्रीमचं किंवा पातळ फाउंडेशन ओलसर स्पंजनं थोपटत लावा. पावडर जवळजवळ नकोच. डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला तर मुळीच नको, तिथं लगेच रेघा दिसतात. गालांवर पावडरच्या ब्लशरऐवजी क्रीमचं लावा. मुलतानी माती आणि लिंबू या घरगुती उपायांपासून कोरड्या चेहऱ्यानं लांब राहावं. माती आहे तेवढं तेल शोषून घेते आणि लिंबानं आग होते.

मिश्र चेहरा

एकाच चेहऱ्याला दोन वागणुका द्यायच्या. गालांवर मॉइश्चरायझर थोडं जास्त, नाक-कपाळावर पातळ हात. फाउंडेशन एकच, पण पावडर फक्त मधल्या भागात. दोन वेगवेगळ्या पेट्या विकत घ्यायची गरज नाही.

नाजूक चेहरा

कमीत कमी वस्तू आणि बिनवासाच्या वस्तू, हा नियम. नवीन वस्तू चेहऱ्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, निदान सात दिवस लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर ती आपली नाही, कितीही महाग असो. लग्नाचा मेकअप ठरवताना पार्लरवाल्या ताईंनाही हेच सांगा आणि त्यांच्याकडचं थोडं फाउंडेशन आठवडाभर आधी हातावर लावून बघा. शेवटच्या आठवड्यात नवीन फेशियल किंवा ब्लीच करू नका.

शेड कशी निवडायची

सगळ्यात मोठी चूक इथं होते. आपल्याकडे बहुतेक जणी गव्हाळ किंवा सावळ्या रंगाच्या, आणि दुकानात मागितली जाते दोन पायऱ्या गोरी शेड. परिणाम आपण प्रत्येक लग्नात पाहतो: चेहरा राखाडी, मान वेगळी, हात तिसऱ्याच रंगाचे.

शेड हाताच्या मागच्या बाजूला बघू नका. हात चेहऱ्याइतका झाकलेला नसतो, तो उन्हानं जास्त रापतो. जबड्याच्या कडेवर दोन-तीन शेडच्या छोट्या रेघा ओढा आणि दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात या. जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली शेड. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा, कारण काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात. तालुक्याच्या दुकानात नेमकी शेड मिळाली नाही तर दोन शेड मिसळता येतात. नाहीतर फाउंडेशन सोडून द्या. डागांवर थोडं कन्सीलर, वर हलकी पावडर, एवढ्यावरही छान भागतं.

सावळ्या रंगावर विटकरी, मरून, जांभळट लिपस्टिक खुलते. फिकट गुलाबी रंग खडूसारखा दिसू शकतो. दिवसा बाहेर जाताना किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावा. रात्रीच्या कार्यक्रमात मात्र पांढरट थर ठेवणारं सनस्क्रीन नको, कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चेहरा भुतासारखा पांढरा येतो.

आपल्या घरातल्या काही गोष्टी

वुजूसाठी पाणी कातडीपर्यंत पोचायला हवं. नेलपॉलिश आणि वॉटरप्रूफ मेकअपचे थर पाणी अडवतात, ते काढूनच वुजू करावा लागतो. निकाहच्या दिवशी वुजू करून मग मेकअपला बसावं आणि नमाजच्या वेळा धरून ब्युटिशियनला वेळ द्यावी, म्हणजे ओढाताण होत नाही. साध्या मेंदीची अडचण नाही. तिचा थर निघून जातो, राहतो तो फक्त रंग.

नकाब वापरणाऱ्या भगिनींच्या नाकावर आणि गालांवर कापड घासून मुरुम येतात. त्याखाली जाड फाउंडेशन लावलं तर ते कापडाला लागतं आणि घामात मिसळून पुन्हा कातडीवर बसतं. नकाबाखाली मॉइश्चरायझर पुरे, आणि नकाब सुती असावा, रोज धुतलेला.

मेंदी हिरव्या पानांची असेल तर रंग केशरी, मग तांबूस-तपकिरी येतो आणि चढायला वेळ लागतो. अर्ध्या तासात काळा रंग देणाऱ्या कोनात केस रंगवण्याचं पीपीडी नावाचं रसायन असू शकतं. त्यानं हातावर फोड येतात आणि काहींना त्याचे डाग बरेच दिवस राहतात. सुरम्याबद्दलही सावध राहा. बाजारात मिळणारा सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून केलेला असतो. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं, म्हणून बाळाच्या डोळ्यांत तो घालू नका. घरातल्या बुजुर्ग बायकांना हे प्रेमानं समजावून सांगा, वाद नको.

मेकअप काढल्याशिवाय झोपू नका, वलीम्याच्या रात्री कितीही दमला असाल तरी. थोडं खोबरेल तेल किंवा क्लिंझर कापसावर घेऊन आधी पुसा, मग तोंड धुवा. तेलकट चेहऱ्यावर खोबरेल नको, क्लिंझरच घ्या. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत, फाउंडेशन साधारण वर्षभरात संपवा. मोठ्या बहिणीच्या लग्नातली पेटी धाकटीच्या लग्नात काढू नका.

डबी घरात असेल तर

आधी लेबल वाचा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी असायलाच हवी. यादीत बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असले शब्द असतील तर ते स्टेरॉइड आहे; डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराईड म्हणजे पारा. आणि लेबलच नसेल तर वाचायचं काही उरत नाही. ती डबी वापरण्याजोगी नाही.

लावत असाल तर थांबा आणि एक-दोन दिवसांत त्वचेच्या डॉक्टरांना भेटा. लाली उसळली तर घाबरून पुन्हा तेच लावू नका. डबी फेकून देऊ नका, पिशवीत बांधून डॉक्टरांना दाखवा. पाय किंवा चेहरा सुजत असेल, लघवीला फेस येत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी लगेच करून घ्या. घरात आणखी कोणी तीच क्रीम लावत असेल तर त्यांनाही सोबत न्या. अशा डब्या विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. ती केली तर आणखी दोन घरं वाचतील.

शेवटी एक गोष्ट मनापासून. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली आपल्या बाजारात आली आणि २०२० साली तिच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. ट्यूबवरचा शब्द बदलला, पण मुलगी बघायला जाणाऱ्या आपल्या नजरेचं काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आखरी खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर कसलंही श्रेष्ठत्व नसल्याचं सांगितलं. ते आपण मशिदीत ऐकतो, मान डोलावतो आणि दुसऱ्याच्या घरी चहा पिताना म्हणतो, ‘रंग तेवढा दबलेला आहे.’ आमच्या भाचीच्या गालांवर जी आग झाली, तिची सुरुवात डबीपासून झाली नव्हती. ती या वाक्यापासून झाली होती.

भाचीचा चेहरा सावरायला पुढे सहा महिने लागले. परवा ती माहेरी आली होती. तिच्या नणंदेचीही डबी सुटल्याचं तिनं सांगितलं. आम्ही चेहऱ्याकडे बघत होतो, तेव्हा हसून म्हणाली, “मुमानी, आता फक्त काजळ आणि माझ्याच रंगाची पावडर.” तिचा सावळा चेहरा तुकतुकीत दिसत होता.

भगिनींनो, ईदनंतरच्या लग्नांत नटा, हौसेनं नटा. मुली बघायला गेलात तर तिच्या रंगावर एक शब्दही बोलू नका. आणि घरी परतल्यावर आपल्या मुलीचं कपाट एकदा तिच्याच सोबत बसून उघडा. रागावू नका. डबी सापडली तर तिला जवळ घ्या आणि विचारा, तुला कोण काय बोललं होतं?